शेतरस्त्याचा हक्क कसा ओळखावा आणि कसा मागावा

शेताची वाट अडली की शेतकरी सहसा आधी तहसील कार्यालयात अर्ज देतो आणि कायद्याचे कलम नंतर शोधतो. क्रम नेमका उलटा हवा. आपला रस्ता कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवल्याशिवाय दिलेला अर्ज बरेच दिवस चालून फेटाळला जाऊ शकतो, आणि तोवर उभा ऊस बाहेर काढायचा कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून प्रथम तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी. तिच्यावर आपला गट शोधून तेथून गावठाणापर्यंत बोट फिरवत यावे. दोन समांतर तुटक रेषा दिसल्या तर तो गाडीमार्ग असतो आणि एकच तुटक रेषा असेल तर तो पायमार्ग असतो. पायमार्गाची रुंदी 8.25 फूट आणि गाडीमार्गाची 16.5 ते 21 फूट धरली जाते. असा मार्ग ज्या गटातून जातो, त्या गटाच्या पोटखराब्यात, म्हणजे लागवडीस अयोग्य धरलेल्या जमिनीत, त्याचे क्षेत्र धरलेले असते. त्यामुळे 7/12 शेजाऱ्याच्या नावावर असला, तरी तो मार्ग नांगरून पिकाखाली घेण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. नकाशावरचा गाडीमार्ग किंवा शिवरस्ता (गावांच्या शिवेवरून जाणारा रस्ता) बुजवला गेला असेल, तर नवा रस्ता मागूच नये. नकाशा जोडून अतिक्रमण काढून देण्याची मागणी तहसीलदारांकडे करावी.

नकाशावर नसलेला, पण वर्षानुवर्षे वापरातला रस्ता अडवला गेला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5 लागू होते. येथे मुदत फार महत्त्वाची आहे: अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. शेजाऱ्याशी समझोत्याची बोलणी जरूर करावीत, कारण बांधाला बांध लागलेल्या माणसाशी वैर परवडत नाही. मात्र बोलण्यांच्या भरवशावर ही मुदत जाऊ देऊ नये. रस्ता अडवण्याचा नुसता प्रयत्न झाला असला, तरी मनाईहुकूम मागता येतो. पुरावा जागेवरच असतो. बैलगाडीच्या चाकोऱ्या, बांधाला गाडी जाण्यापुरती ठेवलेली मोकळीक, चरावर टाकलेले जुने दगड यांची छायाचित्रे लगेच काढून ठेवावीत, कारण एका नांगरटीत हे सारे नाहीसे होते. अशा दाव्यात तहसीलदारांनी दिलेल्या आदेशाविरुद्ध अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करता येतो.

तिसरा प्रकार सर्वांत बिकट आहे. भावांमध्ये वाटण्या होतात, रस्त्याकडचा तुकडा एकाला व आतला दुसऱ्याला मिळतो, आणि आतल्या शेताला वाटच उरत नाही. अशा वेळी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली नवा रस्ता मागता येतो, पण तो इतरांच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून. शेताच्या मधोमध नव्हे. अर्जासोबत आपला चालू 7/12, मागितलेल्या रस्त्याचा कच्चा नकाशा आणि ज्यांच्या बांधावरून रस्ता जाणार त्या सर्व खातेदारांची नावे व पत्ते द्यावेत. एकही खातेदार वगळू नये. ज्याचे म्हणणे ऐकले गेले नाही त्याच्या तक्रारीवर चांगला आदेशही रद्द होऊ शकतो. स्थळपाहणीच्या वेळी अर्जदाराने स्वतः हजर राहावे. दुसरी वाट उपलब्ध आहे का, पूर्वीचे मालक कोठून ये-जा करत आणि कोणत्या बांधावरून इतरांचे कमीत कमी नुकसान होईल, हे तेव्हा पाहिले जाते. माझ्या मते अर्जातच दोन पर्यायी मार्ग दाखवणे शहाणपणाचे आहे, कारण त्यामुळे मागणी शेजाऱ्याच्या विरोधात नसून गरजेपोटी आहे हे स्पष्ट होते. निर्णय मान्य नसणाऱ्याला 1 वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो, आणि असा दावा लावल्यावर त्या निर्णयावर महसुली अपील चालत नाही.

आदेश हाती पडला की त्याची नोंद संबंधित गटांच्या 7/12 वर 'इतर हक्क' या रकान्यात करून घ्यावी. मे 2025 च्या शासन निर्णयाने अशा नोंदीवर भर दिला असून, यंत्रांची गरज ओळखून शेतरस्ते शक्यतो 3 ते 4 मीटर रुंद असावेत असे म्हटले आहे. नोंद नसेल, तर पुढे जमीन विकली गेल्यावर नवा मालक रस्ता नाकारतो आणि सारा वाद पुन्हा उभा राहतो. हीच दक्षता खरेदीखत आणि वाटणीपत्र लिहितानाही घ्यावी: चतुःसीमा लिहिल्यावर रस्ता कोणत्या गटाच्या कोणत्या बांधावरून येतो आणि किती रुंद आहे, हे त्यात स्वतंत्र वाक्यात नमूद करावे.