टीव्हीले जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी रिमोट घेताना

जुना कॉम्प्युटर एचडीएमआयनं टीव्हीले जोडला, कोडी (पिक्चर-गाणे लावाचं सॉफ्टवेअर) टाकलं, पण दरवेळी माउस हलवाले उठा लागते न राजेहो, तर रिमोट घ्याच्या आधी एवढं पाहून घ्या. टीव्हीसारखा इन्फ्रारेड रिमोट स्वस्त असते पण कॉम्प्युटरले बहुतेक त्याचा रिसिव्हर नसतेच, वेगळा यूएसबीवाला लावा लागते, अन् मधात कोणी उभं राहिलं की बंद. आमच्याकडं कापसाच्या दिवसात धूळ एवढी की सीपीयू लाकडी कपाटातच ठेवतो, तिथं तो काय कामाचा! मी २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीवर चालणारा एअर माउस (हवेत हलवला की पडद्यावरचा बाण हलते असा रिमोट) घेतला, मागून छोटा कीबोर्डवाला, कपाटाचं दार लावलं तरी चालते.

सुरुवातीले लय अटकत होता, बाणाचं बटन एकदा दाबलं की दोनदा सरके. डोंगल (रिमोटचा छोटा यूएसबी रिसिव्हर) निळ्या यूएसबी ३ पोर्टात होता, त्या पोर्टच्या लहरींचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास पडते म्हणे. काळ्या यूएसबी २ पोर्टात लावला, मधात हातभर एक्स्टेंशन वायर टाकली, तेव्हा कुठं जमलं.

बटनं मोजकी पण उठावदार पाहा, आईले अंधारात बोटानंच ओके सापडलं पाह्यजे. अन् सेलवालाच घ्या, लाईट गेली तरी किराणा दुकानात सेल भेटते. रिमोटनं झोपलेला कॉम्प्युटर उठवाचा असन तर बायोसमधी (कॉम्प्युटर चालू होतानाच उघडते तो सेटिंगचा पडदा) यूएसबी वेकचं सेटिंग शोधा.

अँड्रॉइड मोबाईललेच रिमोट कराचं कोडीचं ‘कोरे’ (Kore) नावाचं ॲप फुकट हाय, फक्त मोबाईल अन् कॉम्प्युटर दोन्ही एकाच राउटरवर पाह्यजे, नेट नसलं तरी चालते.