अटी बरोबर, तरी दिवा का लागत नाही?

स्मार्ट घरात 'अमुक झालं की दिवा लाव' असा आपोआप चालणारा नियम (ऑटोमेशन) चालला नाही की सगळे आधी सेन्सरवर खापर फोडतात. घोळ बहुधा ट्रिगर (नियम सुरू करणारी घटना) आणि कंडिशन (अट) यांच्यात असतो. ट्रिगर बदल घडला की उडतो. कंडिशन फक्त त्या क्षणापुरती तपासली जाते. समजा 'हालचाल दिसली' हा ट्रिगर आणि 'अंधार आहे' ही कंडिशन. तुम्ही उजेडातच खोलीत आलात आणि वावरत राहिलात, तर सेन्सर आधीपासून 'ऑन'च असतो. मग अंधार पडला तरी नवा बदल होत नाही आणि दिवा लागत नाही. अंधार पडणं हाही ट्रिगर करा आणि दोन्ही गोष्टी कंडिशनमध्येही ठेवा.

मध्यरात्र ओलांडणारी वेळ, जसं रात्री 10 ते सकाळी 6, हा आणखी एक सापळा. 'तास 22 किंवा जास्त' आणि 'तास 6 पेक्षा कमी' हे 'अँड'ने जोडलं तर कधीच खरं ठरत नाही. तिथे 'ऑर' हवं.

होम असिस्टंट (घरातली ऑटोमेशन चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ट्रेस, म्हणजे नियम कसा चालला याची नोंद, उघडा, कुठल्या अटीपाशी अडलं ते दिसतं. (यॅमल या मजकूर-फॉरमॅटमध्ये हाताने लिहिलेल्या ऑटोमेशनला आयडी मात्र द्या, नाहीतर ट्रेस साठतच नाही.) मेन्यूतून 'रन' करून अटी तपासू नका, त्यात ट्रिगर आणि सुरुवातीच्या अटी वगळून थेट कृतीच चालते.