आरएनए-सेक डेटात एक्स आणि वाय क्रोमोसोम कसे हाताळायचे

आरएनए-सेक म्हणजे पेशींतला आरएनए वाचून कुठला जीन किती चालतो (जीन एक्स्प्रेशन) ते मोजायची पद्धत. अशा जीन एक्स्प्रेशनचं अ‍ॅनालिसिस करताना बरेच जण एक्स आणि वायवरचे जीन्स सरळ उडवतात, कटकट नको म्हणून. कृपा करून असं करू नका. एकट्या एक्सवरच प्रोटीन बनवणारे ८०० च्या वर जीन्स आहेत, शिवाय बाकीच्या क्रोमोसोमवरही लिंगाचा परिणाम दिसतोच. जीटेक्सने (माणसाच्या वेगवेगळ्या टिश्यूंतलं जीन एक्स्प्रेशन मोजणारा प्रकल्प) २०२० साली ४४ टिश्यू तपासले तेव्हा साधारण ३७ टक्के जीन्स निदान एका टिश्यूत तरी स्त्री-पुरुषांत कमीजास्त चालताना दिसले. फरक बहुतेक लहान असतात, पण असतात.

पहिलं काम, मेटाडेटातल्या (सॅम्पलच्या माहितीच्या तक्त्यातल्या) लिंगाच्या कॉलमवर विश्वास ठेवू नका, डेटालाच विचारा. स्त्रियांत दोनपैकी एक एक्स बंद असतो, आणि झिस्ट हा जीन फक्त त्या बंद पडलेल्या एक्सवरून चालतो, म्हणून एक्सएक्स सॅम्पलमध्ये तो भरपूर आणि एक्सवायमध्ये जवळपास शून्य. आडव्या अक्षावर झिस्ट घ्या, उभ्यावर आरपीएस४वाय१, डीडीएक्स३वाय, केडीएम५डी या वायवरच्या जीन्सची सरासरी, आणि प्लॉट काढा. दोन स्वच्छ पुंजके दिसतात. "स्त्री" लिहिलेला ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यात बसला असेल तर बहुतेक लेबलची अदलाबदल झालीये. दोन्ही जास्त असतील तर सॅम्पल मिसळलंय किंवा व्यक्ती एक्सएक्सवाय आहे. दोन्ही कमी असले तरी लगेच फेकू नका, वयस्कर पुरुषांच्या रक्तपेशींतून वाय गळून जातो, आणि हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी) स्त्रीच्या असूनही त्यांच्यात झिस्ट चालत नाही.

मग रेफरन्स, म्हणजे आरएनएचे वाचलेले तुकडे (रीड) ज्याच्याशी जुळवतात तो जीनोम. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. एक्स आणि वायच्या टोकांना पीएआर नावाचे भाग आहेत, दोन्हीकडे अगदी सारखे, त्यामुळे तिथला रीड दोन जागी तितकाच चांगला बसतो, अलाइनर (जुळवणारा प्रोग्रॅम) त्याला मॅपिंग क्वालिटी (जागा किती खात्रीची याचा आकडा) शून्य किंवा अगदी कमी देतो आणि मोजणारा प्रोग्रॅम तो सोडून देतो, म्हणजे जीन चालू असून बंद दिसतो. उपाय सोपाय: एक्सएक्स सॅम्पलसाठी पूर्ण वाय मास्क करा (म्हणजे झाका, तिथे रीड बसूच नये म्हणून), एक्सवायसाठी वायवरचे फक्त पीएआर. काही रेफरन्स फाइल्समध्ये वायवरचे पीएआर आधीच मास्क केलेले असतात, तेवढं बघून घ्या.

आता आकडे वाचताना. एक एक्स बंद असतो हे मेरी लायनने १९६१ मध्ये मांडलं, पण तो पूर्ण बंद नसतो. २०१७ च्या जीटेक्सच्या अभ्यासात एक्सवरचे निदान २३ टक्के जीन्स या बंदीतून थोडेफार निसटून चालू राहताना सापडले. केडीएम६ए, झेडएफएक्स हे त्यातलेच, म्हणून ते स्त्रियांत जास्त दिसतात, पण दुप्पट नाही, कारण बंद एक्सवरची प्रत हळू चालते. आणि गंमत म्हणजे पीएआर१ मधले बहुतेक जीन्स उलट पुरुषांत जास्त दिसतात, कारण वायवरची प्रत पूर्ण जोरात चालू असते. मास्किंग चुकलं की नेमकं हेच हातातून जातं.

मॉडेलबद्दल एकच आग्रह. स्त्रियांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं अ‍ॅनालिसिस करून "इथे सिग्निफिकंट, तिथे नाही, म्हणजे फरक आहे" असं लिहू नका, हे चूकच आहे, कारण एका गटात सॅम्पल कमी असले तरी तसं होतं. लिंग आणि आजार यांची इंटरॅक्शन टर्म (आजाराचा परिणाम लिंगानुसार बदलतो का हे मोजणारी) टाका आणि तीच टेस्ट करा. पेशींचं प्रमाणही मॉडेलमध्ये घ्या, एकाच टिश्यूत स्त्री-पुरुषांत चरबीच्या किंवा इम्यून पेशी कमीजास्त असल्या की जीन बदलल्यासारखा वाटतो.

शेवटी फरक सापडला तरी "एक्समुळे" असं लगेच म्हणू नका. प्रौढ माणसात हार्मोन आणि क्रोमोसोम एकत्रच येतात, नुसत्या एक्स्प्रेशनवरून ते वेगळे काढता येत नाहीत. उंदरांत स्राय हा वृषण घडवणारा जीन वायवरून काढून दुसऱ्या क्रोमोसोमवर बसवतात, मग वृषण असलेला एक्सएक्स उंदीर आणि बीजांडकोश असलेला एक्सवाय उंदीर दोन्ही मिळतात आणि तुलना करता येते. माणसांत त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे टर्नर (एकच एक्स) आणि क्लाइनफेल्टर (एक्सएक्सवाय) असलेल्या लोकांचा डेटा, कारण तिथे एक्सची संख्याच बदललेली असते, पण हार्मोनही बदललेले असतात हे विसरू नका.