नोकरी सोडून लोकांची कुत्री फिरवण्याच्या धंद्यात उतरण्याआधी

सगळ्यात आधी वही घेऊन हिशेब मांडा. पुण्यात, समजा बाणेर, औंध किंवा कोथरूडला, हा धंदा दिवसभर चालत नाही. सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ, एवढ्याच त्याच्या वेळा. मधल्या वेळात डांबर तापलेलं असतं. अर्ध्या तासाची फेरी, गेटवरची नोंद, लिफ्टची वाट आणि पुढच्या सोसायटीपर्यंत दुचाकी असं सगळं धरलं तर एका कुत्र्यामागे पाऊण तास जातो. म्हणजे सकाळी चार आणि संध्याकाळी चार. रोजच्या एका फेरीचे महिन्याला 3,000 रुपये धरा (खरा दर आपल्या भागात चार घरी विचारून घ्या), तर आठ फेऱ्यांचे 24,000 होतात. त्यातून पेट्रोल वजा करा. मे महिन्यात अर्धी गिऱ्हाइकं गावाला जातात, तेही धरा. हा आकडा पगाराच्या शेजारी लिहून घरच्यांना दाखवा. ‘इंजिनिअर होऊन कुत्री फिरवणार?’ हा प्रश्न येणारच आहे, तो आकड्यासकट आलेला बरा.

आकडा वाढवायला जास्त पळून उपयोग नाही, कारण वेळाच दोन आहेत. दुपार भरायची सोय आधीच बघून ठेवा. मालक बाहेरगावी असताना मांजरांना खायला घालून येणं, ऑफिसला जाणाऱ्यांची पिल्लं दुपारी शूला नेणं, डॉक्टरकडे नेणं-आणणं, सुट्टीत कुत्री घरी ठेवून घेणं, अशी कामं असतात. त्यातलं शेवटचं करायचं असेल तर घरमालकाला आत्ताच विचारा. गिऱ्हाइकं दोन किलोमीटरच्या आतलीच घ्या. हिंजवडीहून कोणी दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही म्हणा, कारण वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तुमची सकाळ संपेल. एकाच इमारतीतली दोन कुत्री सगळ्यात फायद्याची. मात्र एकमेकांना न ओळखणारी दोन कुत्री पैसे वाचवायला एकत्र काढू नका.

आता ऑफिसची बाजू. नोकरीचं पत्र काढून नोटीस पिरियड आणि दुसरं काम करायला मनाई आहे का, हे दोन्ही वाचा. मनाई असेल तर नोकरीत असेपर्यंत शेजाऱ्यांची कुत्री फुकट फिरवा. सराव तोच होतो आणि पहिली गिऱ्हाइकंही बहुधा त्यांतूनच मिळतात. पाच वर्षं पूर्ण होत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा. पीएफ काढायची घाई नको, पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो. घरकर्जाचं काही काम असेल तर पगाराची स्लिप हातात आहे तोवर उरका, नंतर बँक दोन-तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न मागत बसते. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी त्याआधी घ्या, कारण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, हे सगळेच सांगतात. मी आठ म्हणेन.

कागदपत्रं त्या मानाने सोपी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं असतील तर शॉप ॲक्टखाली (दुकानं आणि आस्थापनांचा कायदा) नुसती ऑनलाइन सूचना दिली की भागतं. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीचं सध्या विसरा.

लस तुम्हीही घ्यायची आहे, कुत्र्यानेच नाही. रेबीजची आधीच घ्यायची लस 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी देतात. ती पूर्ण असेल तर पुढे चावा झाल्यावर दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. चावल्यावर मात्र जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचंच. हळद, चुना, मिरची असलं काही लावू नका. प्रत्येक कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक बघून फोटो काढून ठेवा. ‘झालंय हो सगळं’ यावर विश्वास ठेवू नका, समोर काकू असोत की तुमचे जुने बॉस. मादी असेल तर माजावर कधी येते ते विचारा. त्या तीन आठवड्यांत अख्ख्या गल्लीतली कुत्री गेटवर जमतात, तेव्हा तिची वेळ वेगळी ठेवावी लागते.

कायदाही माहीत असू द्या. ताब्यातल्या प्राण्यापासून कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फेरीच्या वेळी कुत्रं तुमच्या ताब्यात असतं, मालक मीटिंगमध्ये. म्हणून टेकडीवर गेल्यावर ‘सोडा हो, काही करत नाही तो’ असं मालक म्हणाले तरी पट्टा सोडायचा नाही, आणि हे करारातच लिहायचं. मालकाचा फोन न लागल्यास कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं आणि किती खर्चापर्यंत न विचारता हो म्हणायचं, हेही त्याच कागदावर. पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यायचे. तुमची आठवड्याची एक सुट्टी पहिल्याच दिवशी सांगून टाका.

खरी परीक्षा दारात असते. दार उघडण्याआधी हार्नेस (छातीभोवती बांधायचे पट्टे) चढवायचा, गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जातात ना ते बघायचं, कुत्र्याला बसवायचं आणि मगच कडी काढायची. लॅब्रॅडोर तीस किलोचा असतो आणि लिफ्टचं दार उघडताच समोर एखादं पोर बिस्किट घेऊन उभं असतं. बटण दाबून लांब होणारी दोरी घेऊ नका, साधी पाच-सहा फुटी लीश बरी. किल्ल्यांवर फ्लॅट नंबर लिहायचा नाही, स्वतःची खूण ठेवायची. गेटवरच्या काकांना पहिल्या आठवड्यातच आपलं नाव आणि कुत्र्याचंही नाव सांगून ठेवा. शी उचलायच्या पिशव्या त्यांच्यासमोर खिशातून निघाल्या की सोसायटीतल्या निम्म्या तक्रारी जागीच संपतात.

पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मार्चपासूनच उन्हाची धाप लागते, त्यांना सकाळची पहिली वेळ द्या. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा आजार) भीती असते. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या आणि कानामागे गोचीड चाचपायची. दिवाळीत फटाक्यांना बिचकून कुत्रं निसटू नये म्हणून दोन लीश, एक हार्नेसला आणि एक गळ्यातल्या पट्ट्याला.

राजीनामा मार्चच्या सुरुवातीला द्या. नोटीस तीन महिन्यांची असेल तर जूनमध्ये मोकळे व्हाल, आणि चिखलात कुत्र्याला घेऊन उतरायचा मालकांना तेव्हाच कंटाळा आलेला असतो. रेनकोट दोन घ्या, एक सकाळचा वाळत असतो.