सांगलीत नदीकाठची बाग आखताना

कृष्णाकाठच्या बागेचं काम आलं की झाडांची यादी बाजूला ठेवा. आधी पाण्याच्या पातळ्या नकाशावर उतरवा. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. हे फूट पुलाच्या मोजपट्टीचे. पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवा, जागेच्या लेव्हल त्याच हिशेबात घ्या आणि पाव-पाव मीटरवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढा. नदीला उतार असतो, म्हणून शेजारच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणांशीही ताडून बघा.

४० फुटांच्या रेषेखाली गवत, वाळा आणि दगडी पायऱ्या, बस्स. त्या रेषेच्या वर पायवाटा, घडीव दगडाचे कट्टे; झाडं करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. गुलमोहर टाळा, त्याची फांदी ठिसूळ. विजेची पेटी मात्र २०१९ च्या रेषेच्या वरच. प्रवाहाला आडवं जाळीचं रेलिंग लावू नका: जलपर्णी आणि कचरा अडकून त्याचा बंधारा होतो आणि खांब मुळासकट निघतात.

बाग मोडते ती पाण्याने कमी, गाळाने जास्त. ओला गाळ खराट्याने आणि पाइपच्या पाण्याने लोटता येतो; वाळला की टिकावच लागतो. म्हणून पाणी उतरेल तसतशी वरून खाली सफाई. त्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल असा तीन मीटर रुंद रॅम्प, वरच्या टप्प्यावर पाण्याची जोडणी आणि प्रत्येक पायरीला नदीकडे किंचित ढाळ, हे नकाशातच हवं. बुंध्यांभोवतीचा गाळही काढायचा, नाहीतर मुळं गुदमरतात.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पेव्हर वरखाली होतात. निदान ४५ सेंटिमीटर माती काढून मुरूम भरा, दर १५ सेंटिमीटरला पाणी मारून रोलर फिरवा. या मातीत शोषखड्ड्याच्या भरवशावर राहू नका. हजार चौरस मीटर फरशीवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० लिटर पाणी; त्याला गटाराची वाट लागतेच.

आणि त्याच वाटेने पूर उलटा आत येतो. काठ कोरडा असतानाच मागच्या नाल्यातून पाणी चढतं. गटाराच्या तोंडाला नदीकडे उघडणारी झडप बसवा. एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी ती मिटत नाही, म्हणून झडपेच्या अलीकडे, बागेच्या बाजूला जाळी, आणि मे महिन्यात झडप हाताने उघडून-मिटून पाहण्याचं काम देखभालीच्या करारातच लिहून घ्या.