टक्केवारीवर नको, खंडावर नियोजन करा

2019 साली भारतात जून 33 टक्के तुटीचा गेला, सप्टेंबरमध्ये मात्र सरासरीच्या दीडपट पाऊस पडला आणि हंगाम सरासरीच्या 110 टक्क्यांवर बंद झाला. कागदावर साल उत्तम. पण ज्याची जूनची पेर करपली किंवा काढणीच्या तोंडावर कणसातच कोंब फुटले, त्याला त्या 110 चा काय उपयोग? 2023 साली जुलै भरून पडला आणि पाठोपाठचा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. तेव्हा 'यंदा किती टक्के' हा प्रश्न बाजूला ठेवा. पावसाचा मोठ्यात मोठा खंड, म्हणजे सलग कोरडी उघडीप, किती दिवसांची आणि एका दिवसात जास्तीत जास्त पाणी किती, हे धरून चला.

एल निनो असला, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी विषुववृत्तालगत नेहमीपेक्षा तापलं, की तुटीची शक्यता वाढते, पण तूट ठरलेली नसते. 1997 चा एल निनो जबरदस्त होता, तरी भारतातला मोसमी पाऊस सरासरीएवढा झाला. हंगामाच्या आत पाऊस जोर धरतो आणि उघडतो, त्याची कारणं वेगळी. त्यांतलं एक म्हणजे विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा पट्टा. मॅडन आणि ज्युलियन या शास्त्रज्ञांनी 1971 मध्ये ही हालचाल ओळखली; तिची फेरी 30 ते 60 दिवसांची. म्हणून खत, फवारणी, कोळपणी यांच्या तारखा हंगामी अंदाजावर नव्हे, पाच-सात दिवसांच्या अंदाजावर ठरवा.

आता खंडाचा हिशेब. भारी, खोल रानात मुळांच्या दोन फुटांत पिकाच्या कामाचं पाणी साधारण 120 मिमी मावतं. हलक्या, फूटभर मातीत जेमतेम 30. वाढीला लागलेलं पीक उन्हाच्या दिवशी 5 मिमीच्या आसपास पाणी घेतं आणि साठा निम्म्यावर आला की ताण जाणवू लागतो. म्हणजे भारी रान बारा दिवस निभावतं, हलकं तीनच दिवस. एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक असू शकतो!

पहिल्या सरीला भुलू नका. भेगाळलेली काळी माती ती सर गिळून टाकते. वर चिखल आणि वीतभर खाली धूळ. खुरप्याने उकरून बघा. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन ओल खोल गेली आणि वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की मगच पेरा. दुबार पेरणीची बरीचशी प्रकरणं इथेच घडतात. खंड लांबला तर कोळपून भेगा बुजवा, तण काढा, जमेल तिथे आच्छादन करा. हाताशी एकच पाणी असेल तर ते फुलोऱ्यासाठी किंवा दाणा भरण्यासाठी राखा.

दुसरी बाजू धो-धो पावसाची. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. एक मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर. भिजून फुगलेली चिकण माती तासाला 5 मिमीही आत घेत नाही. तासाभरात 50 मिमी झाला तर हेक्टरी साडेचार लाख लिटर पाणी वाट शोधत सुटतं. ती वाट तुम्ही आधी आखून ठेवा: उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, काही ओळींमागे एक मोकळी सरी, खालच्या कोपऱ्यात चर. चराचं तोंड गाळाने बुजलेलं असतं, तिकडे आधी बघा. उघडिपीत याच सऱ्या ओल धरतात, त्यामुळे हा खर्च दोन्हीकडे कामी येतो.

मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी युरिया टाकणं म्हणजे ओढ्याला खत घालणं. तुंबलेल्या रानात पीक पिवळं पडलं तरी लगेच पोतं फोडू नका; मुळांना हवाच मिळत नसते. आधी पाणी काढा, वापसा येऊ द्या, मग नत्राचा हप्ता द्या.

एक काम मात्र आजच करा. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडांपासून लांब, मोकळ्यावर पक्का बसवा. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा आणि डबा उपडा करा. चुकून दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलंत तर तसं वहीत नोंदवा, नाहीतर पुढच्या वर्षी तो एकाच दिवसाचा पाऊस समजून चराची रुंदी उगाच दुप्पट धराल.