जळगाव-भुसावळ कोण कशाने जाणार? लॉजिट मॉडेलने असा अंदाज काढा

लॉजिट म्हणजे किती टक्के लोक कुठला पर्याय निवडतील ते काढायचं गणित. आधी पर्याय ठरवा भाऊ, एसटी, रेल्वे, बाईक, मग स्टँडवर लोकांना काय आवडतं ते नका विचारू, काल खरंच कशाने गेले ते विचारा, आणि जे सोडलं त्याचंही भाडं न वेळ लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार. मग भाडं आणि वेळ यांना वजन देऊन प्रत्येक पर्यायाचा स्कोअर काढायचा. वजनं बायोजीम हे सॉफ्टवेअर किंवा आर या प्रोग्रामिंग भाषेतलं एमलॉजिट पॅकेज काढून देतं, दोन्ही मायनसमध्ये यायला पाहिजेत, भाडं वाढल्यावर गर्दी वाढते असं निघालं तर डेटा परत तपासा. समजा रेल्वेचा स्कोअर ०, एसटीचा -१, तर ई (साधारण २.७१८) चा स्कोअरएवढा घात घेऊन १ आणि ०.३७, बेरीज १.३७, म्हणजे दोघांतच रेल्वेला ७३ टक्के.

आता खरी गोम. तशीच एसटी फक्त वेगळ्या रंगाची सोडली तर साधं लॉजिट बाईकवाल्यांनाही नव्या बसकडे ओढतं, जे होत नसतं राव. तिथे दोन्ही बसचा एक गट करून नेस्टेड लॉजिट लावा.

अर्थतज्ज्ञ मॅकफॅडनने याच पद्धतीने सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेसाठी ६.३ टक्के प्रवासी सांगितलेले, निघाले ६.२, आणि २००० मध्ये त्याला नोबेल.